टाकीवरचं नाव हरवलं, आता काय?

या वेळी जुन्या मोटारसायकली नव्यानं करणाऱ्यांचे टपालानं अन् मोबाइलवर आलेले प्रश्न वाचत होतो तर निम्म्याच्या वर एकाच गोष्टीचे निघाले, बॅज अन् स्टिकर. इंजिन बांधून होते, सीट शिवून होते, टाकी आरशासारखी होते अन् मग लक्षात येते की गाडीवर नावच नाही, गाडी बोडकी दिसून राहिली. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात, आज हेच.

प्रश्न : राम राम भाऊ. आमच्या मोठ्या बाबांची येझदी रोडकिंग आहे, १९८६ ची. बारा वर्षं गोठ्यात कडब्याखाली पडून होती, मी अन् माझा लहान भाऊ मिळून दिवाळीपासून तिला करून राहिलो. इंजिन झालं, वायरिंग झालं, आता टाकी रंगाला टाकली. पण टाकीचा उजवीकडचा बॅज गायब आहे, डावीकडचा आहे त्याचा कोपरा तुटलेला, अन् साइडच्या डब्यावर कोणी तरी ब्रशनं काळा रंग मारून ठेवलाय. यवतमाळले दोन दुकानं पाहिली, एकानं नव्या येझदीचा बॅज दाखवला. ऑनलाइन एक जण जोडी देतो म्हणते, पण फोटोतली अक्षरं आमच्याच्यापेक्षा जाड वाटतात. मोठे बाबा म्हणतात नावाशिवाय मी गाडीवर बसत नाही. काय करावं?
— एक वाचक, ता. दारव्हा, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, एवढं वाचलं की पहिले पेंटरला फोन लावा अन् म्हणा टाकीला पॉलिश पेपर लावू नको, डब्याला तर हातच लावू नको. बाकीचं नंतर वाचा.

हरवलेल्या बॅजचा सगळ्यात पक्का पत्ता गाडीवरच असते. बॅजखाली इतकी वर्षं ऊन लागलं नाही म्हणून तिथला रंग बाजूच्यापेक्षा गडद राहते, अन् कडेनं धूळ-मेण जमून एक बारीक रेघ बसते. रात्री लाइट बंद करा अन् बॅटरी टाकीला अगदी चिकटवून आडवी मारा, समोरून नाही, कड उठून दिसेल. डब्यावर काळा रंग मारणाऱ्याला शिव्या देऊ नका, त्यानं तुमचं काम सोपं केलं असू शकते. खाली स्टिकर असेल तर त्याची जाडी रंगावर उमटते. दोन हजार नंबरचा वॉटर पेपर साबणाच्या पाण्यात भिजवून वरचा थर हळूहळू उतरवा, अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या. थिनर मात्र लावायचं नाही, वरचा रंग अन् खालची छपाई दोन्ही एकाच फडक्यात निघून येते.

हे मी नुकसान करून शिकलो. एका दूधवाल्या काकांची राजदूत केली होती, हौसेनं टाकी आधी पूर्ण घासली अन् मग बॅजच्या मागे लागलो. बॅज मिळाला, चांगला मिळाला, पण तो टाकीवर नेमका कुठं बसवायचा ते सांगायला एक खूण राहिली नव्हती. काका रोज सकाळी कॅन घेऊन यायचे, एक दिवस म्हणत जरा वर होता, दुसऱ्या दिवशी म्हणत नाही रे, जरा खाली होता. शेवटी अंदाजानं बसवला. आजही ती गाडी रस्त्यात दिसली की माझी नजर तिथंच जाते.

तर मापं घ्या. बटर पेपर डावीकडच्या बॅजवर ठेवून मऊ पेन्सिलीनं घासा, लहानपणी नाण्यावर कागद ठेवून घासायचो तसं, अक्षरं जशीच्या तशी उतरतात. टाकीच्या शिवणीपासून बॅजच्या खालच्या कडेपर्यंत किती, पुढच्या टोकापर्यंत किती, हे मिलिमीटरमध्ये वहीत लिहा. डब्यावरच्या स्टिकरसाठी मोबाइलचा फोटो पुरत नाही, डबा गोलसर आहे अन् मोबाइलचा कॅमेरा कडा ताणून दाखवते. पारदर्शक प्लास्टिक डब्यावर ताणून चिकटवा, मार्करनं त्यावरच गिरवा, मग काढून सपाट करा. ते प्लास्टिक झेरॉक्सवाल्याच्या सपाट स्कॅनरवर टाका, सोबत स्टीलची पट्टी ठेवून, अन् त्याला सांगा की प्रिंट काढताना कागदात बसवायचं ऑप्शन बंद ठेव. ते चालू राहिलं की मशीन सगळं थोडं लहान करते अन् कोणाच्या लक्षात येत नाही. प्रिंटवरची पट्टी खऱ्या पट्टीला लावून पाहा, दहा सेंटिमीटर म्हणजे दहाच पाहिजे.

मग घरातले अल्बम काढा. दसऱ्याला गाडीची पूजा करतानाचे फोटो सगळ्यांकडे असतात पण ते काही कामाचे नाहीत, झेंडूचा हार नेमका टाकीवरच पडलेला असते. लग्नाचे पाहा, नवरदेवाचे मित्र गाडीवर बसून फोटो काढतच. येझदीची किक अन् गिअर एकाच दांडीवर, तीही डाव्या अंगाला, त्यावरून फोटोतली बाजू ओळखा, कारण निगेटिव्ह पलटी होऊन उलटे छापलेले फोटो मी पाहिले आहेत. अन् आरसीवर गाडी बनल्याचा महिना-वर्ष पाहा, पासिंगची तारीख नाही. रोडकिंग १९७८ ला आली अन् १९९६ ला म्हैसूरचा कारखाना बंद होईपर्यंत बनत होती. एवढ्या लांब काळात एका नावाच्या गाडीला एकच स्टिकर राहत नाही, म्हणून नुसतं 'रोडकिंगचं द्या' म्हणून भागत नाही, साल सांगावं लागते.

दुकानदारानं नवा बॅज दाखवला, त्याचीही चूक नाही. येझदी नाव २०२२ मध्ये परत बाजारात आलं, त्या गाड्यांचे पार्ट मिळतात, पण टाकी वेगळी, वळण वेगळं. तो बॅज तुमच्या टाकीवर टोकाला उचललेला राहील. ऑनलाइनवाल्याला मागच्या बाजूचा फोटो मागा, पट्टी ठेवून. मागं खिळे किती, त्यांच्यातलं अंतर किती, डावा-उजवा साचा वेगळा आहे की एकच, हे सगळं मागून कळते, समोरून सगळेच बॅज चांगले दिसतात. जो मागचा फोटो पाठवायला टाळाटाळ करते त्याच्याकडे बॅज नसते, दुसऱ्याचा फोटो असते. अक्षरं जाड वाटतात म्हणता तर ती जाडच असतील, तुमचा बटर पेपर आता साक्षीला आहे.

खऱ्या जुन्या मालासाठी पुण्यात नाना पेठ, दिल्लीत करोल बाग, चेन्नईत पुदुपेट, इथं जुन्या दुचाकींचे पार्ट निघतात. पण एका बॅजसाठी दिल्ली कशाला, येझदीवाले लोक एकमेकांना धरून असतात. जुलैच्या दुसऱ्या रविवारी ते जावा-येझदीचा दिवस करतात, मोठ्या शहरांत गाड्या घेऊन जमतात. त्या दिवशी तुटका बॅज खिशात घालून जा. अन् त्याच्या आधी तुमच्या गावातलेच गोठे पाहा. आपल्याकडे बॅज हरवत नाही, तो दुसरीकडे जातो. मी एक बुलेटचा बॅज बंडीच्या साटीला ठोकलेला पाहिला अन् एक फवारणीच्या पंपावर. पोट्ट्यांनी काढून कपाटाला लावलेले तर कितीतरी. आठवडी बाजारातल्या कबाड्याला सांगून ठेवा, त्याला बॅज म्हटलं तर कळणार नाही, टाकीवरची नावाची पट्टी म्हणा.

नाहीच मिळाला तर बनवायचा. भंडाऱ्याला पितळेचं काम जुनं आहे, तिथला कारागीर नमुना दिला तर ओतून देईल, पण एक गोष्ट आधी बोला. पितळ थंड होताना आकसते, शेकडा दीडच्या आसपास. म्हणजे शंभर मिलिमीटरचा बॅज नमुना म्हणून दाबला की नवा दीड मिलिमीटरनं आखूड येते अन् मागचे खिळे टाकीच्या भोकात बसत नाहीत. मग लोक काय करतात, टाकीला नवीन भोक पाडतात. ते तेवढं करू नका भाऊ. पेट्रोल काढून टाकलं तरी टाकीत वाफ राहते अन् ड्रिलची एक ठिणगी पुरते. खिळे कापून टाका अन् फोमची डबल टेप लावा, चांगली घेतली तर वर्षानुवर्षं हलत नाही. नाही तर सिलिकॉनचा साचा घेऊन रेझिनमध्ये ओता, ते फार आकसत नाही, हलकं होते, वरून चांदी रंग मारता येते. जवळून पाहिलं तर फरक कळते, पण मोठे बाबा काही भिंग घेऊन बसणार नाहीत.

डावीकडच्या तुटक्या बॅजचा कोपरा एपॉक्सी पुटीनं भरा, कानशीनं आकार द्या. अन् तो निकल करायला, म्हणजे वरून चकचकीत मुलामा द्यायला, देण्याच्या आधी धातू कोणता ते पाहा. जुने बॅज बरेचदा जस्ताचे ओतीव असतात, हातात जड, तुटलेल्या ठिकाणी राखाडी, दाणेदार. असा एक बॅज मी एका निकलवाल्याकडे टाकला, त्यानं जुनं क्रोम काढायला ॲसिडात सोडला अन् संध्याकाळी मला कागदात गुंडाळून जे दिलं त्याच्यावर अक्षरं नव्हतीच, नुसते खड्डे. जस्त आहे असं त्याला सांगितलं असतं तर त्यानं वेगळ्या तऱ्हेनं केलं असतं. तुमचा बॅज एकुलता एक आहे, मी तर म्हणतो त्याला निकलच करू नका. केरोसीननं धुवा, पॉलिश मारा, अक्षरांच्या खोबणीत तेलरंग भरायचा असेल तर इंजेक्शनच्या सिरिंजनं भरा अन् वर सांडलेला अर्धवट सुकल्यावर थिनरचा हात फिरवलेल्या कापडानं सपाट पुसून घ्या. थोडा झिजलेला असला तर असू द्या. गाडी पण १९८६ चीच आहे ना.

प्रश्न : माझी यामाहाची आरएक्स १०० आहे. स्टिकरचा सेट मिळाला नाही म्हणून गावातल्या फ्लेक्सवाल्याकडून काढून घेतला. सोनेरी पट्टा मोहरीच्या भाजीसारखा दिसते. लावल्यावर आठ दिवसांत फोड आले, अन् पेट्रोल सांडलं तिथं कडा सुटल्या. वरून लॅकर मारू का?
— ता. हिंगणघाट, जि. वर्धा

उत्तर : पहिले तर सेट मिळाला नाही हे मला पटलं नाही. आरएक्स १०० ही आपल्याकडे १९८५ ते १९९६ विकली गेली अन् आज तिच्याएवढं नकली-असली सामान दुसऱ्या कोणत्याच जुन्या गाडीचं मिळत नाही. तुम्ही एकाच दुकानात विचारलं असेल. पण आता काढलंच आहे तर ऐका.

फ्लेक्सच्या मशीनमध्ये चार रंगांची शाई असते, त्यात सोनं नसते. ते पिवळ्यात थोडं लाल-काळं मिसळते अन् भाजी होते. सोनेरी अन् चांदी हे छापायचे नाहीत, त्या रंगाचं तयार व्हायनल घेऊन कापायचे, अन् हे काम फ्लेक्सवाल्याचं नाही, रेडियमवाल्याचं आहे. त्याच्याकडे कटिंगचं मशीन असते. तुमच्या फ्लेक्सवाल्यानं कॉम्प्युटरवर कोरलड्रॉमध्ये जी फाइल बनवली ती पेन ड्राइव्हवर मागून घ्या अन् रेडियमवाल्याकडे जा. डावी-उजवी करताना एक सांभाळा, पट्टे आरशासारखे उलटतात पण नाव उलटत नाही. मी एकदा फाइल स्वतः पलटी केली, मोठ्या तोऱ्यात, अन् एका बाजूला गाडीचं नाव उजवीकडून डावीकडे वाचावं लागलं. गिऱ्हाईक हसलं म्हणून वाचलो.

फोड आले म्हणजे रंग ओला होता. वरून हाताला कोरडा लागते पण आतलं थिनर कित्येक दिवस बाहेर येत राहते अन् त्याला वाट मिळाली नाही की स्टिकर उचलते. पेंटरनं भट्टीत तापवली नसेल तर दोन-तीन आठवडे थांबा, नाकाला रंगाचा वास येणं बंद झालं की लावा. लावायची वेळ सकाळची. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये दुपारी टाकीवर हात ठेववत नाही, तिथं स्टिकर टेकलं की गोंद पकडूनच घेते, मग सरळ करता येत नाही. टाकीवर अन् स्टिकरच्या मागं दोन्हीकडे शाम्पूचे दोन थेंब टाकलेलं पाणी मारा, स्टिकर सरकवत जागेवर आणा, वहीतल्या मापाला जुळवा, मग जुन्या एटीएम कार्डाला फडकं गुंडाळून मधून कडेकडे पाणी काढा. वळणावर हेअर ड्रायर, घरात नसेल तर बहिणीला विचारा, पण लांबून धरा.

आता लॅकर. पेट्रोलपासून वाचवायचं असेल तर लॅकर पाहिजेच, अन् ते टू-के, हार्डनर मिसळून मारायचं असते ते. साधं थिनरवालं लॅकर पेट्रोलनं मऊ होते, त्याचा काय उपयोग. पण आधी एक उरलेला तुकडा पत्र्यावर चिकटवून त्याच्यावर मारून पाहा, शाई पसरली तर टाकीवर पसरण्यापेक्षा बरं. पहिला हात अगदी पातळ, धुक्यासारखा, कारण ओला हात दिला की शाई वाहते अन् कडा आखडतात. तो सुकला की मग नेहमीचे दोन-तीन, मध्ये हजारचा पेपर, म्हणजे स्टिकरची पायरी बोटाला लागत नाही. पावसाळ्यात हे काम काढू नका. हवेत दमटपणा असला की लॅकर पांढुरकं होते अन् पेंटर म्हणते उन्हात ठेवा जाईल, ते जात नाही. अन् तुमच्या आताच्या फोडांवर लॅकर मारायचा विचार डोक्यातून काढा, ते फोड कायमचे बंद करून ठेवल्यासारखं होईल.

प्रश्न : बुलेटच्या टाकीवरच्या सोनेरी रेघा स्टिकरच्या लावाव्या की पेंटरकडून मारून घ्याव्या?
— ता. वरूड, जि. अमरावती

उत्तर : मारून घ्या. चेन्नईच्या कारखान्यातही त्या रेघा हातानंच ओढत आले, ब्रश धरून, टाकी फिरवत, टेप न लावता. त्या रेघेत जाड-बारीक होते तीच तिची ओळख आहे, स्टिकरची रेघ फार शिस्तीत दिसते. आपल्याकडे अडचण एवढीच की फ्लेक्स आल्यापासून हात असलेले पेंटर कमी झाले. बंड्या रंगवणारे, ट्रकच्या मागं मोर काढणारे, निवडणुकीत भिंती लिहिणारे, त्यातले काही म्हातारे अजून आहेत, शोधा. त्यांना लांब केसांचा ब्रश अन् तेलरंग द्या, वेळ द्या, बाजूला उभं राहून सूचना देऊ नका. पहिल्या दिवशी जुन्या पत्र्यावर चार रेघा मारायला सांगा, हात बसला की ते स्वतःच म्हणतील आणा टाकी. रेघ चुकली तर ओली असतानाच पुसता येते, म्हणून खालचा रंग पक्का वाळलेला पाहिजे.

प्रश्न : काळी गाडी लाल केली अन् जुन्या ढंगाची स्टिकरं लावली, तर आरटीओचं काही लागते का? नंबर प्लेट पण जुन्या अक्षरात करायची आहे.
— ता. मेहकर, जि. बुलडाणा

उत्तर : स्टिकरचं काही नाही. रंगाचं आहे, आरसीवर रंग लिहिलेला असते, तो बदलला की नोंद करून घ्या, नाही तर विकताना किंवा इन्शुरन्सच्या वेळी आरसीत काळी अन् समोर लाल. पंधरा वर्षं उलटलेली गाडी असेल तर नूतनीकरणाला जाल त्याच फेरीत रंगाचाही अर्ज टाका, चकरा वाचतात. नंबर प्लेटची हौस मात्र विसरा. १ एप्रिल २०१९ च्या आधीच्या गाड्यांनाही आता ती हाय सिक्युरिटी प्लेट (एचएसआरपी) लावावी लागते, सगळ्यांची सारखी. हाताची प्लेट बनवायचीच असेल तर घरात भिंतीवर टांगा.

प्रश्न : आरएक्सवर राजदूत ३५० चे बॅज लावले तर कसं दिसेल? मित्र म्हणतात लय भारी.
— ता. काटोल, जि. नागपूर

उत्तर : मित्र संत्र्याच्या बागेत बसून सांगत असतील. राजदूत ३५० ला दोन सिलिंडर अन् दोन सायलेन्सर, तुमच्या गाडीला एक-एक. ज्याला कळते तो लांबूनच मोजते अन् ज्याला कळत नाही त्याला बॅज काय अन् बिस्किटाचा कागद काय. शिवाय ३५० चे खरे बॅज फार कमी राहिले, कोणी तरी त्यासाठी दोन वर्षांपासून फिरून राहिला असेल. तुमच्याकडे खरी जोडी असेल तर त्याला द्या, अन् बदल्यात आरएक्सचे चांगले डबे मागून घ्या, मिळतील.

अन् दारव्ह्याच्या भावासाठी विचारून ठेवतो. रोडकिंगचा उजवीकडचा बॅज कोणाच्या गोठ्यात, बंडीवर, कपाटावर असेल तर मागच्या बाजूचा फोटो काढा, पट्टी ठेवून, अन् आमच्याकडे पाठवा. मोठे बाबा थांबले आहेत.